नापास उपमा

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत शेवंती तावडेबाईंनी एकही मुलगी नापास केली नाही. अपवाद आमचा वर्ग. माझा उपमा त्यांच्या वर्गात ओळीनं एकवीस दिवस नापास झाला, आणि तो राग अजून थोडा शिल्लक आहे.

साल १९८२. भांडुपच्या आमच्या शाळेत अर्ध्या मुलांचे वडील गिरणीत, आणि गिरण्या जानेवारीपासून संपावर. ही मुलं रोज डबा 'विसरून' यायची आणि मधल्या सुट्टीत नळाच्या पाण्यावर भागवायची. पीटीचे दशरथ घाडीसरही तिथेच. त्यांचे वडील आणि दोघे भाऊ संपात, अकरा तोंडं यांच्या एकट्याच्या पगारावर. कुणी चपाती पुढे केली की म्हणायचे, आज एकादशी आहे. एकादशी महिन्यात दोनदाच येते, हे तावडेबाईंना ठाऊक होतं.

बाई गृहशास्त्र शिकवायच्या. साखर पेरून बोलायच्या आणि हवं ते करून घ्यायच्या. महिन्याचं प्रात्यक्षिक त्यांनी मधल्या सुट्टीत आणलं. ज्यांच्या घरी पगार येत होता त्यांनी वाटीभर रवा आणायचा आणि रांधायचं. माझे वडील विक्रोळीला कंपनीत, म्हणून मी रांधणाऱ्यांत. बाकीच्यांनी फक्त पेन्सिल आणायची, कारण ते परीक्षक. मुख्य परीक्षक घाडीसर. पदार्थ नापास झाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा, एवढाच नियम.

परीक्षकांना तो नियम लगेच कळला, मला नाही. बशी चाटूनपुसून लख्ख आणि कागदावर दहापैकी दोन! परीक्षकांतली जानकी शेरा मारायची, 'मीठ कमी.' घाडीसर म्हणायचे, एका बशीत नीट अंदाज येत नाही, आणि दुसरी घेऊनही दोनच गुण द्यायचे. वर्गात पहिली येणारी मी, माझं डोकं फिरलं. बाविसाव्या दिवशी तडक हेडसरांकडे गेले आणि उपमा चांगला असूनही मुद्दाम नापास करतात, अशी तक्रार ठोकली.

परुळेकर हेडसर नियमाला पक्के. तसेच उठून वर्गात आले. घाडीसर हातातली बशी घेऊन उभे राहिले, कानापर्यंत लाल झालेले.

"प्रात्यक्षिक महिन्यातून एकदाच असतं ना, बाई?"

"हो सर. पण वर्ग पासच होत नाही."

हेडसरांनी गुणांचे कागद पाहिले, मग लख्ख बश्या पाहिल्या. आता बंदच होणार म्हणून जानकीनं उरलेला उपमा घाईघाईनं तोंडात कोंबला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेडसरांनी एक बशी मागून घेतली, बाकावर बसले आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. मग जानकीची पेन्सिल घेतली.

"रवा कच्चा आहे," ते म्हणाले आणि कागदावर दहापैकी एक लिहिला. "घाडी, तुम्ही गुण फार सैल हातानं देता. उद्यापासून कडक तपासा."