सामन्याच्या सकाळची ओहोटी

आमच्या पालघरच्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम आहे हे कॉलेजातल्याच निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मी त्या टीमची लेफ्ट बॅक. मी दुसऱ्या वर्षाला असताना, डिसेंबरात, नेपाळमधल्या एका कॉलेजची मुलींची टीम आमच्याशी खेळायला आली. भारतात चार ठिकाणी मैत्रीचे सामने खेळायचे असा त्यांचा दौरा होता आणि पहिला मुक्काम आमच्याकडे होता. दोन रात्री गाडीत काढून त्या आल्या. त्यांची कॅप्टन अगदी बारीक केस कापलेली उंच मुलगी होती. आमच्या सरांनी आणलेला हार गळ्यात पडायच्या आधीच तिनं हिंदीत विचारलं, "समुद्र इथून किती लांब आहे?"

त्यांच्यातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता.

सामना दुसऱ्या दिवशी साडेचारला, बोईसरला होता. आमच्या मैदानावर त्या आठवड्यात कसल्याशा प्रदर्शनाचा मांडव पडला होता, म्हणून सरांनी कारखान्यांच्या वसाहतीजवळचं मैदान मिळवलं होतं. सकाळ मोकळी होती. सरांनी मला बाजूला घेतलं. "तुझं गाव किनाऱ्यावर आहे ना? घेऊन जा सगळ्यांना. पण बाराच्या ठोक्याला तिथून निघायचं. आणि दमवू नकोस त्यांना, नाहीतर लोक म्हणतील, मुद्दाम केलं."

माझं गाव दातिवरे. मी घरी फोन केला. आय म्हणाली, "किती जनी हायत?"

"सतरा. आणि त्यांच्या मॅडम."

"बोंबलाचा वास चालंल ना त्यांना?"

बसमध्ये त्या सारख्या गात होत्या. गाव जवळ आलं, सुरूची झाडं लागली, आणि मग झाडांच्या फटीतून पाणी दिसलं तसं गाणं मधेच थांबलं. बस उभी राहिल्यावर त्या एकदम धावत सुटतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. सगळ्या ओळीनं वाळूच्या कडेला उभ्या राहिल्या. मी ते पाणी जन्मल्यापासून बघत होते, त्यामुळे मी त्यांच्याकडेच बघत राहिले. एक बुटकी मुलगी, त्यांची गोलकीपर, हळूच पुढं गेली, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायली. तिचं तोंड असं काही झालं की बाकीच्या सोळाजणींनाही चव घ्यावीच लागली. मॅडमनीही घेतली.

बाबा आणि काका दोन होड्या घेऊन तयार होते. आयनं सगळ्यांना चहा आणि नारळ घातलेल्या तांदळाच्या भाकऱ्या दिल्या. बोंबील बांबूंवर वाळत होते, त्यांच्या खालून वाकून जाताना कुणी नाक मुरडलं नाही. कॅप्टननं एक ओला बोंबील हातात घेऊन डोळ्यांसमोर धरला आणि त्याला नेपाळीत काहीतरी म्हणाली. सगळ्या हसल्या. काय म्हणाली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

होडीत बसताना बाबा म्हणाले, "तास, सव्वा तास. मग पानी उतरंल."

खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. कॅप्टन बाबांच्या शेजारीच बसली होती. बाबांना हिंदी तोडकंमोडकं येतं, पण त्या दिवशी ते थांबायलाच तयार नव्हते. त्यांना बर्फाबद्दल विचारायचं होतं.

"पडताना आवाज येतो काय त्याचा?"

"नाही येत," ती म्हणाली. "झोपलेला माणूस जागाही होत नाही. सकाळी दार उघडलं की मग कळतं."

बाबांनी वल्हं तसंच वर धरलं. "येवढं पडतं न आवाज नाय," ते मला मराठीत म्हणाले, जणू तिनं काही लपवलं होतं आणि ते मी काढून घ्यायचं होतं.

मग मुलींनी आणखी थोडं पुढं नेण्याचा हट्ट धरला. बाबांनी पाण्याकडं बघून नकाराची मान हलवली. मी म्हटलं, "बाबा, जाऊ दे ना. त्या परत कधी येणार?" बाबांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि होडी पुढं घेतली. ती चूक माझी होती, बाबांची नव्हती. परत फिरलो तेव्हा खाडीतलं पाणी झपाट्यानं उतरत होतं. धक्का समोर दिसत असताना होडीचा तळ गाळात बसला. मागून काकांची होडीही बसली. साडेअकरा वाजले होते. पाणी परत चढायची वाट बघितली असती तर सामना होडीतूनच खेळावा लागला असता.

"उतरा," बाबा म्हणाले. "चालत जायचं."

गुडघाभर गाळ. पाहुण्या मुली, दुपारी सामना, आणि मी त्यांना चिखलातून चालवणार. सरांचं बोलणं कानात वाजायला लागलं. मी सगळ्यांना होडीतच थांबवून, गाळात कसं चालायचं ते सांगायला लागले: टाच रोवायची नाही, एका जागी थांबायचं नाही, पाय तिरका काढायचा. माझं सांगून व्हायच्या आत त्यांच्या मॅडम बूट गळ्यात अडकवून खाली उतरल्याही होत्या. त्या वयानं माझ्या आयएवढ्या असतील. चार पावलं टाकून त्या वळल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आमच्या भाताच्या लावणीसारखं आहे."

मग काय. सतराच्या सतरा मुली डोंगरउतारावरच्या भातखाचरांत वाढलेल्या. एकमेकींचे हात धरून, पाय सपासप काढत, लावणीची गाणी म्हणत त्या धक्क्याकडं निघाल्या आणि मी, दातिवऱ्याची, त्यांच्या मागं राहिले. घाईत मी पाय नेमका कालवाच्या शिंपलीवर टाकला. टाचेला चीर पडली. सबंध सकाळीत लागलं ते मला एकटीला, आणि तेही यजमानाला.

धक्क्यावर आय आणि शेजारच्या बाया पाण्याच्या कळशा घेऊन उभ्या होत्या. एकेका मुलीला पुढं ओढून त्या पाय धुऊन देत होत्या. मुली लाजत होत्या, पाय मागं घेत होत्या. आयनं कुणाचं ऐकलं नाही. माझ्या टाचेत हळद भरताना मात्र ती म्हणाली, "तुलाच लागायचं होतं."

बारा नाही, पाऊण वाजता निघालो. वाटेत सरांचा फोन आला. गाळाचं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं." त्या एका शब्दानं मी बोईसरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. पाहुण्या मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपल्या होत्या.

मैदानावर पोचलो आणि मला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. एवढी माणसं. आमच्या सामन्याला फार तर वीसजण असायचे, त्यातले पाच कुणाचे तरी भाऊ. इथं चारी बाजूंनी माणसं उभी होती: गणवेशातले वॉचमन, हॉटेलांतले आचारी, पाळी संपवून आलेले कारखान्यांतले कामगार. सगळे नेपाळी. आपल्याकडच्या मुली खेळायला आल्यात ही बातमी कुणीतरी फोनवर टाकली होती आणि ती एका दिवसात सगळ्या बोईसरभर झाली होती. आमच्या पालघर स्टेशनजवळ गाडी लावणारा चायनीजवालाही दिसला. सरावानंतर आम्ही त्याच्याकडं नूडल्स आणि मोमो खायचो, दीड वर्षाची ओळख होती. मी हात केला. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आज नहीं, बहन. आज माफ करना."

आमच्याच जिल्ह्यात आम्ही पाहुण्या ठरलो.

दमणं वगैरे काही नव्हतं. दोन तासांच्या झोपेनं त्या ताज्या होऊन उतरल्या होत्या. त्यांची कॅप्टन मैदानाच्या माझ्याच कडेनं खेळत होती. ती चेंडू घेऊन यायची, क्षणभर माझ्याकडं बघून हसायची आणि निघून जायची. मध्यंतरापर्यंत दोन गोल झाले, दोन्ही माझ्या बाजूनं आले. सर पाण्याची बाटली देत म्हणाले, "दमवायला कोण कुणाला घेऊन गेलं होतं?" आणि हसले. मला तेव्हा कुठं श्वास घेता आला.

दुसऱ्या अर्ध्यात आम्ही नीट खेळलो. टाच ठणकत होती, पण एकदा मी चेंडू घेऊन कडेकडेनं पार पुढपर्यंत गेले आणि मधे टाकला. आमच्या स्ट्रायकरनं तो डोक्यानं आत घातला. सगळं मैदान आमच्या विरुद्ध होतं, तरी टाळ्या पडल्या. चायनीजवाल्यानं शिट्टी मारली आणि लगेच आजूबाजूला बघितलं. आम्ही दोन-एकनं हरलो. हरल्यावर एवढं बरं मला आधी कधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही.

सामना संपल्यावर माणसं आत आली. एक म्हातारा वॉचमन, टोपी हातात घेऊन, कॅप्टनसमोर उभा राहिला आणि तिला गाव विचारलं. तिनं सांगितलं. ते काय बोलले ते तिनं मला नंतर हिंदीत सांगितलं. त्याचं गाव तिच्या गावापासून दोन डोंगर पलीकडं निघालं. चार वर्षांत तो घरी गेला नव्हता. सामन्याबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही. नदीवरचा पूल झाला का, एवढंच विचारलं. झाला म्हणताच तिचे दोन्ही हात धरून तो तसाच उभा राहिला. मग घड्याळ बघून ड्युटीवर गेला.

चायनीजवाल्यानं दोन्ही टीमना जेवायला बोलावलं. पण तो दुपारपासून मैदानावरच होता, गाडीवर काहीच तयार नव्हतं. मग तीसेक मुलींनी मळक्या जर्सीतच कोबी चिरला, लसूण सोलला. आमचे सर कांदा चिरायला बसले. मॅडमनी मोमोचं पीठ मळून घेतलं आणि चायनीजवाल्यानं वळलेला एक मोमो हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग त्याला शेजारी बसवून, कडा बोटानं कशा चुण्या घालत मिटायच्या ते दाखवलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा जमल्यावर तो माझ्याकडं वळून म्हणाला, "तेरा साल से ग़लत बना रहा हूँ, बहन. तुम लोगों ने बताया भी नहीं."