बाभळीचं शिसम

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात एका मंगल कार्यालयात साउंडचेक करत होतो. फोन त्यांच्या पुतण्याचा, घाटनांदूरहून. स्पीकर असे कोकलत होते की मला नुसतं ‘अप्पा’ आणि ‘सकाळी’ एवढंच ऐकू आलं, आणि का कोण जाणे, वाटलं की नवी गिटार झाल्याचं सांगतोय. मी ओरडून म्हणालो, “परवा येतो म्हणावं, घेऊनच जातो!” तो पुन्हा बोलला, मोठ्यानं. संध्याकाळचा कार्यक्रम वाजवावाच लागला, बदली माणूस नव्हता. मातीला काही पोचता आलं नाही. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. या खोलीतून त्या खोलीत जातो, गिटार उचलतो, तारा जुळवतो, परत ठेवतो. बायको म्हणते, अहो, बसा की एका जागी. बसवत नाही तर काय करू? लिहिताना तरी बूड टेकेल म्हणून हे लिहायला घेतलं, आणि एवढ्यातच दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

महालिंगअप्पांचं घाटनांदूरच्या बाजारात फर्निचरचं दुकान. लग्नाचे पलंग, कपाटं, ड्रेसिंग टेबलं. आमच्याकडं पोरीला द्यायचा पलंग कशाचाही असो, म्हणायचं शिसमाचाच. बाप तसं सांगतो, व्याही मान डोलावतो, शेजारीण येऊन बोटानं टकटक करते आणि म्हणते, “शिसमच हाय बाई.” ते आंबा आहे की निंब, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कुणी कुणाला उघडं पाडत नाही. ती एक रीत आहे आणि अप्पांचं अर्धं आयुष्य त्या रितीवर चाललं. माणूस बोलण्यात लई बडा. खुर्चीचा पाय बसवला तरी असं सांगणार, जसं काही निजामानं दरबारात बोलावून घेतलं होतं.

मी कॉलेजात होतो तेव्हा माझी सेकंडहँड गिटार एसटीच्या टपावर फुटली. ती घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी आत हात घालून चाचपलं, हुंगलं आणि म्हणाले, “इतकंच व्हय बे? हे तर पोकळ खोकं हाय नुसतं.” झालं! पलंगाची गिऱ्हाइकं ताटकळायला लागली आणि अप्पा खोकी करत बसले. पहिली गिटार रॉकेलच्या डब्यासारखी वाजली. “कावून वाजतंय असं?” म्हणून तेच माझ्यावर डाफरले, जसा काही डबा मीच करून आणला होता. मग कधीतरी त्यांनी परसात पडलेल्या मोडक्या बैलगाडीची बाभूळ काढली. वर्षानुवर्षं उन्हात पडून खडखडीत झालेली. तिच्या पातळ फळ्या वाकवून पाठ आणि बाजू केल्या, वर देवदार लावला. मी तार छेडली. काय आवाज होता! कोरडा, ठणठणीत, खोटा लाड नाही.

मी म्हणालो, “अप्पा, बाभळीची गिटार! असं कुणी केलं नसंल.” ते खवळले. “बाभूळ म्हनून कोन घील बे? औताला जुपायची हाय का?” दुसऱ्याच दिवशी अंबाजोगाईला गेले आणि लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून इंग्रजीत लेबलं छापून आणली. सोनेरी किनार, वर ‘जेन्युइन रोजवुड’, म्हणजे अस्सल शिसम, आणि खाली स्वतःचं नाव, गाव. प्रत्येक गिटारीच्या भोकातून ते आत डकवायचे. मी हसलो. वाटलं, पलंगाचीच रीत, गिटारीला लागू झाली, एवढंच.

मी ऑर्केस्ट्राबरोबर परदेशातल्या मराठी मंडळांत वाजवायला जातो. एकदा तिकडच्या एका वादकाला माझी गिटार इतकी आवडली की त्यानं तशीच एक करायला सांगितली. अप्पांचा आनंद काय वर्णावा... गावभर फिरून आले. पुढच्या दौऱ्यात माझी एक आणि त्याची एक अशा दोन घेऊन निघालो. दरम्यान शिसमाच्या सगळ्या जातभाईंवर जगभर निर्बंध आले होते, झाडं वाचावीत म्हणून. विकायची वस्तू असेल तर आपल्या सरकारचा परवाना हवा. आम्हाला याचा पत्ता नाही. तिकडच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं तसं मीही सरळ सांगितलं, ही माझी आहे, ही गिऱ्हाइकाची. त्यानं गिऱ्हाइकाच्या गिटारीत टॉर्च मारला, लेबल वाचलं आणि परवाना मागितला. मी घाम पुसत सांगत होतो, साहेब, हे शिसम नाही हो, बाभूळ आहे, बाभूळ! त्यानं लेबलाकडं बोट केलं. करणाऱ्यानंच लिहिलंय, मग तुम्ही कोण? लाकडाची तपासणी करून घ्या म्हणाला. आमची गाडी बाहेर उभी, कार्यक्रम दुसऱ्या शहरात. गिटार तिथंच राहिली.

परत आल्यावर घाबरत घाबरत सांगितलं तर अप्पा आधी मांडीवर थाप मारून हसले. “बग! सायेब बी फसला! शिसम म्हनला का न्हाई?” काकूंकडं चहा मागवला. चहा येईपर्यंत मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. त्यानंतर दर फोनला पहिला प्रश्न एकच, “सुटली का बे?” मी मेल पाठवत होतो, उत्तर नव्हतं. पुढं तयार वाद्यांना सूट मिळाली, नियम सैल झाला. ते सांगायला मुद्दाम गेलो तर अंगावरच आले. “मंग माजी सोडा की! तिचा काय गुन्हा?” गुन्हा तिचा नव्हताच. तिच्या पोटात जे डकवलं होतं त्याचा होता, आणि ते त्यांनाच सगळ्यात जास्त लागलं होतं. एकदा रंधा मारता मारता मधेच थांबून म्हणाले, “तोंडी शिसम चालतंय रे. छापायचं नसतंय.”

शेवटची भेट या उन्हाळ्याच्या आधीची. दम लागत होता, तरी पॉलिश पेपर घेऊन नवी गिटार घासत बसले होते. मधेच उठायचे, दारापर्यंत जायचे, परत येऊन घासायचे. “ही तुजी. आत काय बी डकवलं न्हाई, हात घालून बग. त्याच सायबाच्या देशात ने. इचारलं तर बाभूळ म्हन. आमची बाभूळ तितं बाभूळ म्हनून वाजली पायजे, मंग माजी सुटली असं मी समजंन.” मी म्हणालो, त्याला बाभूळ म्हणता यायचं नाही. “शिकव की मंग!” म्हणाले आणि खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले. तारा तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या.

दिवस झाल्यावर काकूंना भेटायला गेलो. दुकानात खिळ्याला गिटार तशीच, बिनतारांची. भेटायला आलेला एक म्हातारा चहाची बशी हातात घेऊन तिच्याकडं बघत बसला होता. उठला, पाठीवर टकटक केलं. “शिसम दिसतंय.”

मी तोंड उघडणार तोच आतून काकूंचा आवाज आला, “शिसमच हाय!”

मी आत गेलो. फडताळातल्या सगळ्या डब्यांवर सोनेरी किनारीची लेबलं. हळद, अस्सल शिसम. तूरडाळ, अस्सल शिसम. त्यावरच काकूंनी पेनानं नावं घातलेली. “जाळ म्हनले होते,” काकू म्हणाल्या. “चांगले कागद कावून जाळायचे?” आणि पदरानं डोळे पुसले. मलाही आवरलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या हातानं गिटार उतरवून जुन्या लुगड्यात गुंडाळली.

“तिकडं काय सांगनार?”

“बाभूळ.”

“सांग. लई मोट्यानं सांग.” त्यांनी दाराबाहेरच्या म्हाताऱ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली केला. “पर हितं नगं.”

पुढच्या महिन्यात दौरा आहे. तारा मी लावल्या. गिटार आता अंबाजोगाईत माझ्या घरी भिंतीवर आहे आणि मी येता-जाता तिच्या पोटात टॉर्च मारून बघतो. कोरं लाकूड. तरी जिवाला घोर. घरभर फेऱ्या मारत घोकतो, बाभूळ, बाभूळ... ऐनवेळी जीभ घसरायला नको. परवा शेजारचे देशमुख आले, त्यांनी बोटानं टकटक केलं आणि विचारलं, “शिसम का हो?”

“अस्सल,” मी म्हणालो.