जॅझची आवराआवर

आर्या, नील, तुमच्या आजोबांच्या जॅझची मी आयुष्यात एकदाच आवराआवर केली. जॅझ ही आवरायची गोष्ट नसते, हे मला कळेपर्यंत दुपारचे तीन वाजले होते!

आजोबांचं क्लॅरिनेट, कांबळ्यांचा डबल बास आणि शेजारच्या सावंतांचे ड्रम, हे त्रिकूट निवृत्तीपासून आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्येच वाजत आलेलं. ठाण्याच्या एका छोट्या सभागृहात नव्या मंडळींना संधी मिळणार होती. त्यासाठी त्या दिवशी पाचच्या आत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. आजोबा आठवडाभर जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवत होते. (मी दोनदा आमटी पुसली.)

कांबळ्यांची मुलगी रश्मी रेकॉर्डिंगचंच काम शिकलेली. सकाळीच येऊन तिने एका स्टँडवर दोन माइक लावले आणि माझ्या चार गोधड्या खिडक्या-भिंतींवर टांगल्या. मग हेडफोन घालून तासभर माणसं सरकवत बसली. बासचा आवाज मऊ, म्हणून कांबळे माइकच्या अगदी जवळ. आजोबा दोन पावलं मागे, थोडे तिरके. सावंत थेट स्वयंपाकघराच्या दारात, कारण ड्रम सगळ्यांना गिळतात. प्रत्येकाच्या पायाशी खडूची खूण.

"आवाज मागाहून कमी-जास्त करायचा नाही काकू, माणूसच पुढे-मागे करायचा," ती म्हणाली.

"आमच्याकडे बेचाळीस वर्षं हीच पद्धत आहे," आजोबा पुटपुटले.

अडीच वाजता मंडळी सावंतांकडे पोहे खायला गेली आणि हॉल माझ्या ताब्यात आला. तुम्हाला माहीत आहे, पसाऱ्यात मला बसवत नाही. रेकॉर्डिंग एवढं ठाण्याला जायचं, तर नीटनेटकं नको? मी फरशी पुसली. गोधड्या घड्या घालून कपाटात ठेवल्या. तिन्ही खुर्च्या शाळेच्या फोटोसारख्या एका रांगेत, समान अंतरावर मांडल्या. दोन माइक भांडण झाल्यासारखे दोन दिशांना तोंड करून उभे होते, त्यांना सरळ केलं. (रेकॉर्डिंगमध्ये खुर्च्या दिसत नाहीत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही!)

रश्मी दारातच थांबली. ओरडली नाही. फक्त फरशीकडे बघत विचारलं, "काकू, खुणा?"

तसंच वाजवून बघितलं, तर बास गायब, क्लॅरिनेट न्हाणीघरातून आल्यासारखं आणि ड्रम वरातीतले! मग शोध सुरू झाला. कांबळे म्हणाले मी इथे होतो, आजोबा म्हणाले तिथे तर मी होतो, सावंतांना फक्त फोडणीचा वास आठवत होता. मी मध्येमध्ये मोजपट्टी घेऊन धावत होते. चार वाजले, सव्वाचार झाले. आजोबा क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवायला लागले, आणि ते बघून माझी मोजपट्टी गळून पडली.

साडेचारला सगळं जमलं, ड्रम सोडून; त्यांची सकाळची नेमकी जागा काही सापडेना. ड्रमपुढे काहीतरी जाड, मऊ हवं होतं आणि गोधड्या तर पुन्हा टांगलेल्या. रश्मीने घरभर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"काकू, रजई घेऊन इथे बसाल? हलायचं नाही, बोलायचं नाही."

"रश्मी, दुसरं काही नाही का?" आजोबांनी काळजीने विचारलं.

मी बसले. ऐन मे महिना, आवाज नको म्हणून पंखा बंद, अंगावर रजई! नाक खाजलं. समोरचं कॅलेंडर तिरकं होतं. आत गॅसवर दूध होतं, ते वर आल्याचं ऐकू आलं, उतू गेल्याचा वास आला. मी जागची हलले नाही. डोळे मिटलेल्या आजोबांचं क्लॅरिनेट इतकं सुरेख मी कधी ऐकलं नव्हतं. (एरवी मी बोलत असते.)

पाचला तीन मिनिटं असताना रेकॉर्डिंग गेलं, आणि निवड झाली! सभागृहातून फोन आला, ड्रम इतके हळुवार कसे आले म्हणून. आजोबांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आता कार्यक्रमाच्या सामानाच्या यादीत दोन माइक आणि चार गोधड्यांखाली माझं नाव आहे, आणि पुढे रश्मीच्या अक्षरात शेरा: "एकदा ठेवल्यावर हलू देऊ नये."