मधल्या स्टेशनांवर उतरणारी मावशी

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली पॅसेंजर मधल्या लहानसहान स्टेशनांवर थांबते ती केवळ माझ्या मावससासूबाईंसाठी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. एक्स्प्रेस ही त्यांच्या मते ज्यांना कुठेतरी पोचायचं असतं अशा बिचाऱ्यांची सोय आहे. ज्याला फिरायचंय त्याने पॅसेंजरने जावं, जिथं कुणी उतरत नाही तिथं उतरावं आणि दिवेलागणीच्या आत घरी येऊन आपल्या हाताने खिचडी टाकावी. पाहण्यासारखी म्हणून जी ठिकाणं प्रसिद्ध आहेत, तिकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. "जे सगळ्यांनी पाह्यलं ते मी पाहून काय नवीन होईल?" असं त्यांचं म्हणणं.

नागपुरातल्या शाळेत उभा जन्म मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण मराठी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. दर रविवारी खांद्याला जी कापडी पिशवी लागते, तिच्यात पोळी-ठेच्याचा डबा, पाण्याची बाटली, चपलांचा जादा जोड आणि खडू असतात. खडू गावोगावच्या भिंतींसाठी. सेलूकडच्या एका खेड्यात 'स्वछ गाव, सुंदर गाव' असं ठसठशीत रंगवलेलं पाहून मावशी तिथंच थांबल्या आणि राहिलेला 'च' बसवायला लागल्या. जमलेल्या लोकांचा आरडाओरडा ऐकून सरपंच बाहेर आले. ते रागावूनच आले होते, पण दहा मिनिटांनी गावाने पाहिलं ते असं, की सरपंचांनी स्टूल धरलंय आणि मावशी स्टुलावर उभ्या राहून पुढच्या भिंतीच्या वेलांट्या दुरुस्त करताहेत. सरपंचांच्याच घरी जेवून त्या परतल्या, आणि येताना सरपंचांच्या मुलीला बघायला आलेलं स्थळ नाकारायला सांगून आल्या. मुलगा म्हणे बोलताना आईच्या तोंडाकडे बघत होता.

नातेवाइकांकडे मात्र त्या चुकूनही जात नाहीत. "ते फिरणं नाई जावईबापू, ते हजेरी लावणं आहे," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलंय. मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघे इथं राहतो. एकदा सकाळीच त्यांचा फोन आला, की मी सिंदीले आली. माझ्या बायकोने लगबगीने पुरण शिजवलं, मी चौकात जाऊन उभा राहिलो. दुपार उलटली तरी पत्ता नाही. मग कळलं की मावशी सिंदी रेल्वेला उतरल्या होत्या, आमच्या सिंदीपासून चांगल्या तासाभराच्या अंतरावर, आणि आमच्याकडे यायचा त्यांचा विचार कधीच नव्हता. फोन फक्त हवा छान आहे हे सांगायला केला होता.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात याच मार्गावरच्या, भवानीच्या नव्हे, तुळजापूर स्टेशनवर उतरताना त्यांचा पाय घसरला आणि डावा हात मोडला. मग नागपूरला सगळे जमले. सासूबाई होत्या, आम्ही दोघं होतो, आणि त्यांचा पुण्याचा मुलगा फोनच्या पडद्यावर होता. प्रत्येकाने आपापल्या परीने समजावलं. मुलाने गाडी आणि ड्रायव्हर ठेवून देतो म्हटलं, मग पुण्यालाच चल म्हटलं, शेवटी रागावून सांगितलं की यापुढे रेल्वे बंद. मावशी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळ्यांचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "हात मोडला तर पाय काऊन बंद ठेवू?" आणि सोललेले दाणे घेऊन आत गेल्या.

पुढच्या रविवारी सकाळी त्या घरातून गायब. मी आदल्या दिवसापासून तिथंच मुक्कामाला होतो, म्हणून त्यांना परत आणायला मला अजनी स्टेशनवर पिटाळलं. गाडी सुटता सुटता त्या मला डब्यात दिसल्या, मी चढलो, आणि गाडी चालू झाली. मावशी सरकून बसल्या आणि मला जागा करून दिली. बुटीबोरी गेलं तरी मी समजावतच होतो. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बोरखेडीच्या पुढे कपाशीची शेतं लागली तेव्हा बोलल्या.

"तीन वर्षं आठवड्यातून दोनदा याच गाडीनं ह्यांले घेऊन मी सेवाग्रामच्या दवाखान्यात गेली. हे खिडकीतून बोट दाखवायचे. म्हणायचे, इथं उतरू एकदा, पाहू काय आहे ते. मी म्हणायची, आधी बरे व्हा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता मी कशाची वाट पाहू, सांगा बरं."

पुण्याहून मुलाचा फोन आला, तेव्हा मावशी सापडल्या एवढंच मी सांगितलं. परत कधी आणतोस, या प्रश्नावर 'संध्याकाळी' एवढंच उत्तर दिलं. सेलू रोडला आम्ही दोघं उतरलो. मी पिशवी धरली आणि त्या पुढे चालल्या. माझ्यावर सासरी महिनाभर रोष होता. मावशींच्या रविवारांत मात्र त्यानंतर खंड पडला नाही.

यंदा पौषात त्यांचा फोन आला. या रविवारी सेवाग्राम स्टेशनवर येजा, म्हणाल्या. तेवढं एकच स्टेशन त्यांनी फिरायला उतरायचं बाकी ठेवलं होतं, हे तोवर मला कळून चुकलं होतं. मी वेळेआधीच जाऊन थांबलो. गाडी आली, पण त्या दारात दांडी धरून उभ्याच राहिल्या, इतका वेळ की गाडी निघेल असं मला वाटलं. मग उतरल्या. आम्ही बाहेर आलो तर नेहमीसारखे ऑटोवाले 'दवाखाना, दवाखाना' असं पुकारत होते. एकजण मावशींच्या पिशवीला हात घालत म्हणाला, "आजी, दवाखान्यात जाचं का?"

मावशींनी पिशवी आपल्याकडे ओढली.

"नाई," त्या म्हणाल्या. "मी फिरायले आली."

मग आम्ही दवाखान्याच्या उलट्या बाजूच्या रस्त्याने बरंच लांब चालत गेलो. उन्हं चढेपर्यंत रस्त्यावर आम्ही दोघंच होतो.