थोरल्या फादरांचे प्रश्न

पापाचा विचार करण्याआधी पाप्याच्या घराची लांबी-रुंदी विचारणारा धर्मगुरू मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे अंबरनाथच्या आमच्या चर्चमधले थोरले फादर. सेमिनरीतून धर्मगुरू होऊन मी नवा तिथं गेलो तेव्हा मला नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं, आणि हे गृहस्थ निव्वळ भोचक आहेत असं माझं पहिल्याच आठवड्यात ठाम मत झालं. नवरा-बायकोच्या संबंधांत काय चालतं, काय नाही, असं कुणी विचारलं की यांचं सुरू, ‘खोल्या किती? रात्रपाळी असते का? धाकटं मूल केवढं?’ उल्हासनगरच्या कॅम्पातून एक नवं जोडपं आलं. बराकीत गोणपाटाच्या पडद्यापलीकडे सासू झोपते, म्हणून महिनाभर एकमेकांना शिवलो नाही, हे पाप का, असं विचारत. फादरांनी सासूलाच निरोप धाडला, आणि दर शनिवारी संध्याकाळी तिला वेदीवरची पितळी मेणबत्तीदानं घासायला बसवलं. ‘हे कुठल्या पुस्तकात आहे?’ मी जेवताना खोचकपणे विचारलं. ‘पुस्तक बरोबरच आहे रे,’ बोंबलाचा काटा काढत ते म्हणाले, ‘पण त्यात सासू नाही.’

एकदा ते बदलापूरकडच्या पाड्यांवर गेले असताना दारूगोळा कारखान्यातल्या एका फिटरची बायको आमच्या व्हरांड्यात आली. ते गुप्त राखायचं पापनिवेदन नव्हतं, म्हणूनच आज लिहू शकतो.

‘फादर, नवऱ्याला नाही म्हटलं तर पाप लागतं का?’

‘लागतं. लग्नात तुम्ही तसं वचन दिलंय.’

ती तशीच उभी राहिली. मला अवघडायला झालं, मी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. ‘बरं फादर,’ म्हणाली नि गेली.

पाचव्या बाळंतपणात ती वारली. पुन्हा दिवस राहिले तर वाचणार नाहीस, असं डॉक्टरांनी तिला चौथ्याच्या वेळीच बजावलं होतं, हे दफनाच्या दिवशी नर्सकडून कळलं. जिवाला धोका असेल तर बायको नाही म्हणू शकते, हे माझ्याच पुस्तकात होतं, त्याच पानावर. मी विचारलं नव्हतं.

थोरल्या फादरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. ‘चल, त्याच्याकडे जाऊ,’ एवढंच म्हणाले. फिटर दाराशी बसला होता. ‘डॉक्टरचं मला बोलली असती तर मी काय जनावर होतो, फादर?’ त्यानं मलाच विचारलं. ती माझ्याकडे येऊन गेली होती हे त्याला ठाऊक नव्हतं. थोरले फादर माझ्याकडे बघत थांबले. मी म्हणालो, ‘देव तुम्हाला बळ देवो.’

आज तो फिटर नि थोरले फादर, दोघंही नाहीत.  त्या दिवशी परतताना उतारावर थोरल्या फादरांनी माझा दंड धरला. म्हाताऱ्याला आधार हवा असेल, असं मला तेव्हा वाटलं.