आईच्या दुखण्याची पगारवाढ

आईला मी एका बुधवारी सकाळी साडेआठ वाजता आजारी पाडलं. ओट्याला टेकून, एका हाताने फोन कानाला लावून आणि दुसऱ्या हाताने नळ बंद करत मी आमच्या शेठना म्हटलं, "शेठ, आईच्या छातीत दुखतंय. हॉस्पिटलमध्ये नेते. आज नाही जमणार." आई तेव्हा दोन पावलांवर, बाहेरच्या खोलीत पाय पसरून पायाची नखं कापत होती. अगदी धडधाकट. ऐकायला जरा कमी येतं, एवढंच काय ते दुखणं.

फोन ठेवला आणि आधी आईकडे बघितलं. आमच्या घरात लहानपणापासून एकच धाक. घरात अभद्र बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणत असते. रागात कोणाच्या तोंडून 'मरू दे' गेलं तरी आई जीभ चावायची. आणि मी चक्क छातीत दुखतंय म्हणाले! ताप म्हणता आलं असतं, जुलाब म्हणता आले असते. पण तापाला शेठ सुट्टी देत नाहीत, 'गोळी देऊन ये' म्हणतात. छातीला देतात.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. भीती आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. बाबांची गिरणी बंद पडली, मग ते बोरिवलीत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले, ते मरेपर्यंत. एकदाही पगार वाढवा म्हणाले नाहीत. "मागितलं की आहे तेही जातं," म्हणायचे. हे वाक्य मी शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं पाठ केलं होतं.

त्या जोरावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात मी अकरा वर्षं काढली. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनायची तिथे. मी झाकणं तपासायचे, माल पाठवायचे, गिऱ्हाइकांच्या शिव्या खायचे. आमच्याकडे पगारवाढ दसऱ्याला. सकाळी मशिनी धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आरती करायची. आरती संपली की शेठ एकेकाला स्वतःच्या हाताने पेढा भरवायचे आणि त्याच वेळी कानाशी वाढ सांगायचे. तोंडात पेढा, पायात चप्पल नाही, समोर देवाचा फोटो. अशा वेळी कोण भांडणार? वर, "तू तर घरचीच आहेस ना," असं म्हणायचे. घरची म्हणून मला सगळ्यांपेक्षा कमी वाढ मिळायची. मी पेढा गिळायचे आणि हसायचे. मूर्ख!

तिकडे आमच्या भाड्याच्या खोलीचं अ‍ॅग्रीमेंट दर अकरा महिन्यांनी संपायचं आणि भाडं वाढायचं. घरमालकाला काही दसरा लागत नव्हता. त्या वर्षी तो म्हणाला, "ताई, जमत असेल तर राहा, नाहीतर दिवाळीपर्यंत खोली मोकळी करा." म्हणजे विरारच्याही पलीकडे कुठेतरी जायचं. मी गेले असते हो. पण आई? तिचे डॉक्टर, तिची भाजीवाली, तिच्या देवळातल्या बायका, सगळं या चार गल्ल्यांत. कमी ऐकू येणारी म्हातारी नव्या जागी दिवसभर भिंतींशी बोलत बसणार. रात्ररात्र माझ्या डोक्यात तेच.

आमची झाकणं घेणाऱ्या एका औषध कंपनीच्या मॅडम दर तीन महिन्यांनी माल तपासायला यायच्या. त्यांनीच एकदा जाताना हळूच विचारलं, "इथे किती वर्षं सडणार आहेस? आमच्याकडे जागा आहे. बायोडेटा पाठव." माझ्याकडे बायोडेटा कुठला? झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून घेतला. त्याने 'छंद' या सदरात वाचन असं स्वतःच्या मनाने घातलं. मुलाखतीचं बोलावणं आलं ते बुधवारचं, पवईला, अकरा वाजता. म्हणून आईच्या छातीत दुखलं.

रिक्षाने निघाले. आईने काही विचारलं नव्हतं, मी ऑफिसच्या कामाला जाते म्हटलं होतं. पवईच्या त्या इमारतीत आठव्या मजल्यावर काचेच्या खोलीत मॅडम धरून तिघं बसली होती, मागे तलाव दिसत होता. इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी मराठीत सुरुवात केली, हिंदीवर गेले, मध्ये अडकले. मग त्यांतल्या एका गृहस्थांनी खिशातून एक झाकण काढून माझ्यापुढे ठेवलं. मी ते उचललं, कडेवरून नख फिरवलं आणि म्हटलं, "हे परत पाठवा. कडेला धार राहिली आहे, सील नीट बसणार नाही. साचा झिजलाय." तेवढं अर्धं मिनिट मला भीती वाटली नाही. त्या सगळ्या दिवसात तेवढंच.

मग मॅडमनी विचारलं, "सध्या पगार किती?"

मी सांगितला. बाकीच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मॅडमनी परत विचारलं, "नक्की?" धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी वर्षं मला वाटायचं, पगार कमी आहे ही शेठची लाज. त्या खोलीत ती माझी झाली.

आणि तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. शेठ. थांबला, परत थरथरला. परत. मी उचलला नाही, पण त्यानंतर काय विचारलं आणि मी काय उत्तरं दिली, देव जाणे. डोळ्यांसमोर एकच चित्र, शेठ संत्र्यांची पिशवी घेऊन आमच्या दारात उभे आहेत आणि आई विचारतेय, "कोण आजारी?"

घरी धावतपळत आले तर आई बांगडे तळत होती.

"कोणी आलं होतं?"

"कोण येतला? त्या कोळणीन मात्र आज लुटल्यान गो माका. चार बांगड्यांचे किती घेतल्यान माहीत आसा?"

मी मटकन खाली बसले. शेठना संध्याकाळी फोन केला, आईला आता बरं आहे असं सांगितलं. ते फक्त "बरं बरं" म्हणाले.

गुरुवारी कामावर गेले तर शेठनी केबिनमध्ये बोलावलं. आता वाट लागली, म्हटलं. शेठनी मला बसायला सांगितलं, जे ते कधीच सांगत नसत, आणि म्हणाले, "आईला सांभाळ. या महिन्यापासून तुझा पगार वाढवतोय." आकडा सांगितला. पाच दसऱ्यांनी मिळून दिला नव्हता एवढा. "पण बाहेर कोणाला बोलू नकोस. तुझ्या घरी आजारपण आहे म्हणून देतोय, समजलं ना?"

मी थँक्यू शेठ म्हणाले. नाही म्हणायचं सुचलंच नाही. बाहेर आले आणि संडासात जाऊन रडले. आनंदाने नाही, भीतीने. कारण आता आईला आजारी ठेवणं आलं.

गाळ्यात बातमी पसरली होतीच, आजाराची, पगाराची नव्हे. पॅकिंगच्या टेबलावर आमच्या एक मावशी होत्या, माझ्याहून जुन्या आणि माझ्याहून कमी पगाराच्या. त्यांनी देवीचा अंगारा कागदाच्या पुडीत आणून दिला आणि म्हणाल्या, "तुझ्या आईसाठी मी मंगळवार धरलेत. काळजी नको करूस गं." दिवसभर उभं राहून काम करणारी बाई, माझ्या खोट्यासाठी उपाशी राहणार! नको म्हणावं तर का ते सांगावं लागणार. मी अंगारा घेतला. रोज त्या विचारायच्या, "आज कशी आहे?" आणि मी रोज थोडं थोडं आईचं दुखणं रंगवायचे. घरी आलं की आधी आईचा चेहरा बघायचे. ती जरा जास्त वेळ झोपली तर छाती हलतेय का ते बघायचे. एकदा जिना चढून आल्यावर तिने छातीवर हात ठेवला. मी किंचाळलेच. ती मंगळसूत्राच्या जागची बारीक साखळी सरळ करत होती.

त्या किंचाळण्यावर तिने मला धरलं. मी सगळं सांगून टाकलं.

आई आधी घाबरली, खरंच घाबरली. उठून मीठमोहऱ्या घेतल्या आणि स्वतःची स्वतःच दृष्ट काढायला लागली. ते काही जमेना, म्हणून माझ्या हातात दिल्या. मी तिच्यावरून ओवाळलं तेव्हा निम्म्या मोहऱ्या लादीवर सांडल्या. मग ती शांत झाली आणि मग भडकली.

"अकरा वर्षां राबलंस, तेचे नाय दिल्यान. माज्या दुखण्याचे दिल्यान. आणि तू घेतलंस?"

"खोलीचं काय मग आई? कुठे जाणार आपण?"

"खय पण जावया. पण माका आजारी ठेवन किती वर्षां जेवतलंस?"

मी लादीवरच्या मोहऱ्या वेचायला लागले.

चार दिवसांनी पवईहून नोकरीचं पत्र आलं. पगार इतका की मी तो तीनदा वाचला. पण सोबत सहा महिने बघू, मग कायम करू, असं होतं. सहा महिन्यांनी नको म्हणाले तर? तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. इकडे पगार वाढलाय, आई खोटं का होईना आजारी आहे, चाललंय ना? माणसाला भीतीचीही सवय होते. मी दोन दिवस ते पत्र कोणाला दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. मावशींनी डबा उघडला नाही, नुसतं पाणी प्यायल्या आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मी उठले आणि केबिनमध्ये गेले.

राजीनामा टेबलावर ठेवला. "शेठ, माझी आई आजारी नव्हती. मी मुलाखतीला गेले होते."

शेठनी कागद वाचला, बाजूला ठेवला. "ठाऊक आहे मला."

मला कळेचना.

"बुधवारी साडेअकराला बँकेतून येत होतो. तुझी आई, दसऱ्याला आरतीला येते म्हणून ओळखतो मी, मासळी बाजाराच्या तोंडाशी कोळणीशी भांडत होती. छातीत दुखणारी बाई एवढी भांडत नाही. तुला फोन केला, तू उचलला नाहीस. मग समजलो."

"मग पगार का वाढवलात?"

"तू जाऊ नयेस म्हणून. आणि आजारपणाच्या नावाने दिला की बाकीचे मागायला येत नाहीत."

म्हणजे मी रोज आईची छाती हलतेय का बघत होते, तेव्हा यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे द्यायला जमत होतं तुम्हाला. इतकी वर्षं!"

शेठ रागावले नाहीत. उलट त्यांना माझंच नवल वाटलं असावं. "जमत होतं ना. पण तू मागितलंस कधी?"

शिव्या कितीतरी होत्या, त्या नंतर बसमध्ये सुचल्या.

बाहेर आले. मावशी झाकणं मोजून पिशव्यांत भरत होत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना मशिनीमागे नेलं, जिथे आवाजात कोणाला काही ऐकू जात नाही, आणि सगळं सांगितलं. आईचं, पवईचं, शेठ काय म्हणाले ते. त्यांची माफी मागितली. म्हटलं, "मावशी, त्यांना जमतं. तुम्ही मागा. दसऱ्याला नका थांबू, पेढा तोंडात जायच्या आधी मागा. आज मागा."

त्यांनी घाबरून केबिनकडे बघितलं. "नको गं बाई," त्या म्हणाल्या, "मागितलं की आहे तेही जातं."

त्यांनी पदराने तोंड पुसलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि परत टेबलाकडे निघाल्या. जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "आई बरी आहे ना, झालं तर मग. मंगळवार सोडत नाही मी. तुझ्या नव्या नोकरीसाठी धरते."