धर्मापुरीची लिंबोणी

घाटनांदूरच्या सुंदरबाईला आपल्या बियाण्याचा गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभतही होता. ज्वारी असो, तूर असो, नाहीतर दोडक्याच्या चार बिया, तिच्या हातून गेलेलं बियाणं कधी दगा देत नसे. कडक उन्हात वाळवायचं, दाताखाली कट्ट वाजलं की राखेत घोळायचं, मडक्यात भरायचं आणि तोंड शेणामातीनं लिंपायचं. निजामाच्या मोगलाईत पाऊस फिरो की तहसीलदार, मृगाच्या तोंडावर निम्मं गाव तिच्या ओट्यावर पदर पसरून बसलेलं असे. मागायला मात्र ती स्वतः कुणाच्या दारात कधी गेली नव्हती. तिचा नवरा विठ्ठलराव म्हणायचा, "आमच्या घरी लेकरापरीस मडक्यालाच दिष्ट लागती."

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिचा भाऊ धोंडीराम धर्मापुरीहून लिंबांची पाटी घेऊन आला. माय जाऊन वर्ष झालं होतं. मायनं विहिरीजवळ लावलेली लिंबोणी तेवढी माहेरी उरली होती. पातळ सालीची, रसाळ लिंबं. त्या दारातून मायनं कुणाला रिकाम्या हातानं जाऊ दिलं नव्हतं.

"खोड पोखरलंय आक्का," धोंडीराम म्हणाला. "लई उपाय केले. ही शेवटचीच लिंबं समज."

सुंदरबाईनं डोळ्याला पदर लावला आणि तिथंच ठरवलं, मायचं झाड आपण जगवायचं. ज्या बाईच्या मडक्यावर गाव पेरतं, तिला एक लिंबोणी ती काय जड!

माहेरून आलेलं एकटीनं खायचं नसतं. शेजारी वानवळा द्यावाच लागतो. घराघरात दोन-दोन लिंबं गेली. गल्लीच्या टोकाला रतनबाई राहायची. तरुणपणीच कपाळ पांढरं झालेली, लोकांची दळणं दळून पोट भरणारी. तिच्याकडंही दोन धाडली. उरलेली चिरून सुंदरबाईनं लोणचं घातलं आणि बिया काढून घेतल्या. त्या बियांची जेवढी निगा तिनं राखली तेवढी पोटच्या पोरांचीही राखली नसेल. धुतल्या, पुसल्या, चांगल्या खडखडीत वाळवल्या, चाळलेल्या राखेत घोळल्या आणि देवाच्या कोनाड्याखाली मडक्यात ठेवल्या.

मृगात तिनं परसात वाफे केले. दोडका वर आला, भेंडी वर आली. लिंबाच्या वाफ्यात मात्र गवताशिवाय काही नाही. तिनं पाणी घातलं, नवस बोलली, विठ्ठलरावावर उगाच खेकसली. शेवटी बोटानं माती उकरून पाहिलं तर बिया जशाच्या तशा, आत चिपाड झालेल्या. तेवढ्यात धर्मापुरीहून सांगावा आला. वाळलेली लिंबोणी तोडून चुलीला लावली होती.

"मी पंचमीला माहेरी जायची न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "माय न्हाई, मायचं झाड न्हाई. कावून जाऊ?"

 विठ्ठलराव बिचारा गोठ्याकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रतनबाई मूठभर तूर मागायला आली. सुंदरबाईचा उतरलेला चेहरा पाहून तिनं विचारलं, आणि ऐकून चकित झाली.

"उगवली न्हाई? आवो, माज्याकडं तर हाय की!"

सुंदरबाई हातातलं सूप टाकून तशीच उठली. गल्लीच्या टोकापर्यंत तिला चप्पल आठवली नाही. रतनबाईच्या चुलीमागं फुटक्या गाडग्यात वीत-वीतभर दोन रोपं उभी होती.

"एकाच बीतून दोन कोंब निगाले," रतनबाई म्हणाली. "तुमी वाळवल्या व्हय? मला कुठलं आंगण वाळवायला? लिंबू पिळलं, चिकट बी बोटाला लागली, तशीच मातीत खुपसली. थंडीचे दिस, म्हणून चुलीच्या उबेला ठिवली."

सुंदरबाईनं एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि तिथंच खाली बसली. मायच्या हाताचा वास होता तो. आयुष्यभर लोकांनी तिच्यापुढं पदर पसरला होता. आज पहिल्यांदा तिनं स्वतःचा पदर हातात धरला.

रतनबाईनं गाडगंच उचलून तिच्यापुढं ठेवलं. "दोनी न्या. तुमच्याच मायची हायेत."

"न्हाई गं. एक तुज्या दारात ऱ्हाऊ दे, एक मी मायच्या हिरीपाशी लावते." सुंदरबाईनं तिचे दोन्ही हात धरले. दळून दळून घट्टे पडलेले ते हात तिनं आजवर नीट पाहिलेच नव्हते. "रतने, तुजं हे मी कुठं फेडू?"

पंचमीला धोंडीराम तिला न्यायला मुराळी म्हणून गाडी घेऊन आला. नाही म्हणणारी बहीण नटून तयार. निघायच्या वेळी ओटी भरायला जावा-शेजारणी तांदळाची ताटं घेऊन उभ्या राहिल्या. पण सुंदरबाई कुणापुढंच पदर पसरेना. तिनं गल्लीच्या टोकाला रतनबाईला बोलावणं धाडलं होतं.

रतनबाई दोनांतलं एक रोप घेऊन आली आणि ताटं पाहून उंबऱ्याबाहेरच थबकली. असल्या कामाला तिला कुणी हाक मारत नसे. विधवेनं आपली सावलीही बाजूला घ्यायची, अशी रीत.

"मी कशी भरू ओटी? लोक काय म्हन्तील?"

बायकांत कुजबुज उठली. विठ्ठलराव ओट्यावर बसला होता. त्यानं पागोटं नीट केलं आणि म्हणाला, "भर बाई. बैलं खोळंबल्यात."

सुंदरबाई उंबरा ओलांडून तिच्यापुढं आली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

"माजी माय आसती तर तिनं भरली आसती," ती म्हणाली. "तिच्या जागी आता तूच हायेस."

 रतनबाईनं ताटातले तांदूळ घातले, मग मातीच्या गड्ड्यासकट रोप त्या पदरात ठेवलं. सुंदरबाई तिच्या पाया पडली.